सासरे भिंतीवर

२५ फेब्रुवारी, सोमवार

खोकं आलं एकदाचं. राजधानी बिश्केकहून नारिन शहरापर्यंत बसने आणि नारिनहून आमच्या ह्यांच्या गाडीने, बटाट्यांच्या दोन पोत्यांमध्ये चेपून. "तुझं इंटरनेट आणलंय गं," म्हणत ह्यांनी ते वाचनालयाच्या टेबलावर आदळलं. एक कोपरा दबलाय. इंटरनेटचा कोपरा दबलेला चालतो का, हे बावीस पानी नियमपुस्तकात कुठेही दिलेलं नाही.

आत निघालं ते असं: भिंतभर पसरेल एवढा जाड कागद, रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे, दोऱ्याचं रीळ, चिकटवायचे लाल आणि निळे अंगठे, एक शिट्टी. खेळायचं कसं, तर फोन दाराशी टोपलीत टाकायचे आणि भिंतीलाच इंटरनेट समजायचं. ज्याला काही म्हणायचंय त्याने चिठ्ठीवर लिहून ती भिंतीवर लावायची. उत्तर द्यायचं तर आपली चिठ्ठी दोऱ्याने तिच्याखाली बांधायची. पटलं तर लाल अंगठा, नाही पटलं तर निळा. प्रत्येकाला एक टोपणनाव. आणि या सगळ्यांवर एक ॲडमिन, म्हणजे मी, जिपारा, या वाचनालयात एकोणतीस वर्षं धूळ पुसणारी बाई.

गावाला याची गरज आहे हे कबूल. गावाचा फोनवरचा ग्रुप जानेवारीत बंद पडला तो मेंढरांच्या पाळीवरून. बर्फ वितळलं की गावची सगळी मेंढरं एकत्र करून घराघराने पाळीपाळीने चारायला न्यायची, घरटी एक दिवस. तीन मेंढ्यावाल्यालाही एक दिवस आणि चाळीसवाल्यालाही एकच. हे बरोबर की चूक, यावर चारशे माणसांनी तीन आठवडे एकमेकांच्या मेलेल्या आज्या उकरून काढल्या. शेवटी गावप्रमुख तालायने ग्रुपच पुसून टाकला.

माझी गरज वेगळी आहे. तालायच्या मेहुणीला वाचनालयाची ही खोली हवी आहे. नवरीचे पांढरे झगे भाड्याने द्यायचं दुकान काढायचंय तिला. परवा मोजपट्टी घेऊन आली आणि कवितांच्या कपाटापाशी उभी राहून म्हणाली, इथे आरसा. आता खेळवाल्या संस्थेची बाई २६ मार्चला तपासायला येणार. खेळ नियमाप्रमाणे चाललेला दिसला तर ती शिक्का देणार आणि खोली तीन वर्षं वाचनालयाचीच राहणार. नाही तर एक एप्रिलला पुस्तकं शाळेच्या कोळशाच्या कोठीत आणि मी घरी.

खरं सांगायचं तर मला पुस्तकांपेक्षा माझ्या खुर्चीचं जास्त वाटतं. घरी मी चौतीस वर्षं दाराजवळ समोवाराशी बसते, चहा ओतते, उठते. इथे माझी खुर्ची आहे. लोक आत येऊन मला विचारतात, अमुक कुठे मिळेल, तमुक कसं आहे. जगात दुसरीकडे कुठेही मला कोणी काही विचारत नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

एक भानगड आहे. खोक्यावर खेळाचं नाव छापलंय आणि ते मला उच्चारता येत नाही. कारण त्यातला मुख्य शब्द म्हणजे माझ्या सासऱ्यांचं नाव. सुनेने सासऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं, आणि ते नाव ज्या शब्दाचं बनलंय तो शब्दही घ्यायचा नसतो. सासऱ्यांना मी फक्त अता म्हणते. अतांचा जन्म झाला तेव्हा नव्या सोव्हिएत राजवटीचं नवं कौतुक होतं, त्या भरात त्यांच्या वडिलांनी हे नाव ठेवलं. अर्थ असा की चार माणसांनी एकत्र बसून, एकमेकांना विचारून, काय करायचं ते ठरवणं. तो शब्द मला इथेसुद्धा लिहवत नाही. हात थांबतो.

बरं, शब्द एखादा आडबाजूचा असता तर निभावलं असतं. पण तो मेला सगळीकडे घुसलाय. ग्रामसभेच्या घराला मी "निळं दार" म्हणते. लग्न झालं तेव्हा देशाच्या संसदेला रशियन नाव होतं, काही अडचण नव्हती. मग देश स्वतंत्र झाला आणि संसदेला नेमकं माझ्या सासऱ्यांचं नाव दिलं. तेव्हापासून मी "राजधानीतले ते बोलके लोक" म्हणते. शेजारची नुरझात, दुकानवाली, मला यावरून खूप हसते. हसू दे. चौतीस वर्षं पाळलंय, आता शेवटाला कशाला मोडू?

खोक्यावरच्या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवली आणि खेळाला "भिंत" म्हणायचं ठरवलं.

१ मार्च, शुक्रवार

पहिला दिवस. अठ्ठावीस माणसं आली आणि सगळी खायला घेऊन आली. टेबलावर चिठ्ठ्यांना जागा उरली नाही, पिठाचे तळलेले बोर्सोक आणि जर्दाळूचा मुरंबाच सगळीकडे. चिठ्ठ्या तेलकट झाल्या. म्हाताऱ्यांनी हात पसरून आशीर्वाद दिला की या इंटरनेटची भरभराट होवो, त्याच्यात वासरं-कोकरं वाढोत.

मग गोची झाली. नियम म्हणतो नवी चिठ्ठी वर, जुनी खाली. पण पहिली चिठ्ठी अर्थातच सगळ्यांत वडीलधाऱ्याने लावायची, आणि ते म्हणजे अता, वय त्र्याऐंशी. त्यांनी ती आपल्या डोळ्यांच्या उंचीवर लावली. आता त्यांच्या वर चिठ्ठी लावणार कोण? वडील माणसाच्या डोक्यावर बसायचं का? सत्तरीवाल्यांनी त्यांच्याखाली लावल्या, साठीवाल्यांनी त्याखाली, आणि वयाप्रमाणे भिंत खाली खाली भरत गेली. वरची अर्धी भिंत कोरी. नुरझात आणि तिच्या वयाच्या बायका फरशीवर पालथ्या पडून मतं मांडत होत्या.

मी शिट्टी फुंकून सांगितलं की इंटरनेटवर वय नसतं. ट्रॅक्टरवाला दोलोत, मला मोठी बहीण मानून एजे म्हणणारा, जमिनीवरूनच म्हणाला, "एजे, ते इंटरनेट दुसऱ्या कुठल्या तरी गावचं असेल."

शेवटी शिडी आणून अतांची चिठ्ठी छताला टेकवली, तेव्हा कुठे खाली बाकीच्यांना जागा झाली. आता रोज शिडी लागणार.

५ मार्च, मंगळवार

टोपणनावं घेतली. उपयोग शून्य. अर्ध्या गावाला अक्षर एकाच मास्तरीणबाईंनी गिरवून दिलंय, आणि ज्याचं त्याचं वेगळं झालंय ते सगळ्यांना पाठ आहे. "हिमबिबट्या" म्हणजे दोलोत हे आंधळ्यालाही कळेल, तो र नेहमी उलटा काढतो. "अनोळखी सुंदरी"ने पाळीबद्दल मोठं तत्त्वज्ञान लिहिलं, त्याखाली दोऱ्याने उत्तर बांधलेलं: नुरझात, साखर आली का दुकानात?

लाल अंगठेही विचार करून कोणी देत नाही. मामेभावाला द्यावाच लागतो, व्याह्याला दोन द्यावे लागतात. निळा अंगठा आजवर एकच लागला, तोही चुकून. ज्याने लावला तो संध्याकाळी माफी मागायला साय घेऊन गेला होता म्हणे.

अतांना टोपणनावाचं कार्ड दिलं तर म्हणाले, मला लपवायचं काय आहे, त्र्याऐंशी वर्षं हेच नाव वापरतोय आणि अजून झिजलेलं नाही. लाल खडूने, वीतभर अक्षरांत, स्वतःचं खरं नाव लिहून छताखाली लावलं. आता मी ज्या भिंतीची ॲडमिन आहे तिच्याकडे मला मान वर करून बघता येत नाही. दिवसभर फरशीकडे बघत ॲडमिनगिरी केली.

७ मार्च, गुरुवार

अता मला हा खेळ चालू देणार नाहीत असं दिसतंय.

सोमवारी त्यांनी लिहिलं की पाळी घरटी असावी. मंगळवारी लिहिलं की दर मेंढीमागे असावी आणि घरटी म्हणणारे मूर्ख आहेत. दोलोतने विनयाने दाखवून दिलं की काल तुम्हीच घरटी म्हणाला होता. त्यावर अतांचं उत्तर: काल मी मूर्ख होतो, तू आज आहेस. आज त्यांनी जाहीर केलं की शेळी ही दीड मेंढी धरावी, कारण तिला शिस्त नसते, आणि दोलोतच्या घरात शिस्त नाही म्हणून त्याची माणसंही दीड धरावीत.

नियमाप्रमाणे अशा वेळी ॲडमिनने पिवळी चिठ्ठी द्यायची. मी शिडीवर चढले. नाव तर लिहिता येत नाही. मग लिहिलं: "वरील चिठ्ठीच्या लेखकांना ताकीद. मुद्द्यावर बोलावे, माणसावर बोलू नये. ॲडमिन."

पाच मिनिटांत खाली उत्तर बांधलेलं होतं: "ॲडमिनबाईंचं अक्षर सुंदर आहे. मुद्दा मान्य नाही."

संध्याकाळी घरी चहा ओतला. अता म्हणाले, "पुरे." मी म्हणाले, "हो." एवढंच बोलणं झालं. रोज एवढंच होतं.

११ मार्च, सोमवार

आज चार पिवळ्या चिठ्ठ्या द्याव्या लागल्या, चारही एकाच माणसाला. माझंही डोकं फिरलं आणि मी लांबलचक लिहिलं: वरील लेखकांनी कृपया हे ध्यानात घ्यावे की शेळीला शिस्त नसते हे विधान पुराव्याशिवाय केलेले आहे, आणि ॲडमिनच्या घरातील शेळी, जी लेखकांच्याही घरातील आहे, गेली सहा वर्षे रोज स्वतःहून गोठ्यात येते.

उत्तर आलं: "ती शेळी ॲडमिनबाईंना घाबरते. त्याला शिस्त म्हणत नाहीत. ॲडमिनबाईंनी अधिक विस्ताराने लिहावे."

मी अधिक विस्ताराने लिहिलं. त्यांनीही. दोरा संपला, नवं रीळ काढलं. नुरझात म्हणाली, एजे, बाकीच्यांना जरा जागा ठेवा. मला भारीच लाज वाटली. ॲडमिनने असं वाहवत जायचं नसतं, पान नऊ.

त्यात अता रोज माझ्या आधी येऊन दारात उभे असतात. बर्फात. दाढी केलेली, डोक्यावर नवा कल्पाक, कोटाला सामुदायिक शेताच्या काळातलं पदक. मी वेळेवर कुलूप उघडते की नाही हे तपासत असणार. तालायने पढवलं असेल का त्यांना? मेहुणीकडून एखादा झगा... पण त्यांना झग्याचा काय उपयोग.

१४ मार्च, गुरुवार

संशय खरा ठरला. त्यांची चष्म्याची डबी पुसायला घेतली तर आत माझ्या पिवळ्या चिठ्ठ्या. अकरा. भिंतीवरून काढून घेतलेल्या, नीट घडी केलेल्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. तपासणीच्या दिवशी त्या बाईपुढे मांडणार आणि म्हणणार, बघा, ही सून सासऱ्याला कशी वागवते. डबी होती तशी ठेवून दिली आणि ह्यांना सांगितलं. हे हसले. ह्यांना कशाचंच गांभीर्य नाही.

१९ मार्च, मंगळवार

मेले मी. नियमपुस्तकाचं सतरावं पान आज नीट वाचलं. ॲडमिनचे अधिकार पाच: स्वागत करणे, महत्त्वाची चिठ्ठी टाचणीने वर लावणे, ताकीद देणे, चिठ्ठी काढणे, आणि ब्लॉक करणे. तपासणीला पाचही करून दाखवावे लागतात. ब्लॉक करताना ॲडमिनने स्वतः, मोठ्याने, सर्वांसमोर, त्या माणसाचं भिंतीवरचं नाव आणि कारण वाचायचं, मग तो तीन दिवस बाहेर. खऱ्या इंटरनेटवर माणसं गुपचूप गायब होतात, तसं होऊ नये म्हणून हा नियम, असं पुस्तकात म्हटलंय. चांगलाच नियम आहे. मीच केला असता.

पण या भिंतीवर ब्लॉक करण्याजोगा माणूस एकच आहे. बाकी सगळे एकमेकांना साय नेऊन देतायत.

दुपारी गोठ्यात जाऊन गायीसमोर प्रयत्न केला. पहिलं अक्षर निघालं, मग खोकला आला तो थांबेना. ह्यांनी उपाय सुचवला: तू नुसते ओठ हलव, मागून आवाज मी काढतो. मी म्हणाले, अहो, तुमचा आवाज ट्रकच्या इंजिनासारखा आहे.

मग नुरझातला गाठलं. ठरलं असं की २६ तारखेला "अनोळखी सुंदरी" भिंतीवर शिवीगाळ करणार आणि मी तिला ब्लॉक करणार. ती इतकी खूश झाली की दुकानाच्या वहीत शिव्यांची यादीच काढायला बसली. दोन मलाही माहीत नव्हत्या.

२१ मार्च, गुरुवार

नूरुझ, वसंताचा सण. सुमोलोकची, म्हणजे गव्हाच्या अंकुरांच्या खिरीची, कढई ढवळताना सगळ्या बायकांनी एकेक इच्छा मागितली. मी खोली मागितली. अता ढवळायला आले तेव्हा कोणीतरी विचारलं, तुम्ही काय मागितलंत. म्हणाले, बर्फ उशिरा वितळो, मेंढरं बाहेर निघाली की लोक भिंतीकडे यायचे नाहीत. भिंत बंद पडायची वाटच बघतायत.

२५ मार्च, सोमवार

उद्या तपासणी. शिडी पुसली, शिट्टी धुतली. नुरझातची यादी सतरावर गेली आहे, तिला म्हटलं एक पुरे. तालायची मेहुणी दारातून डोकावली आणि गोड हसून विचारून गेली की कपाटं भिंतीत ठोकलेली आहेत की नुसती टेकवलेली.

२६ मार्च, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते, नाही तर उद्या मलाच खोटं वाटेल.

दहा वाजता संस्थेची बाई आली, नाव बेगिमाय. पंचवीस-सव्वीस वर्षांची, गोड चेहरा, हातात पाटीवर लावलेला कागद, आणि पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. ते न काढता थेट आत आली. चाळीस माणसांनी बुटांकडे पाहिलं आणि चाळीस माणसं गप्प बसली. बाहेर बर्फ, आत नुकतीच पुसलेली फरशी, पण पाहुणी ती पाहुणी.

मी स्वागत केलं: खूण. चिठ्ठी टाचली: खूण. दोलोतला खोटीच ताकीद दिली, तो घाबरून खरोखर माफी मागू लागला: खूण. एक चिठ्ठी काढली: खूण. मग मी नुरझातकडे पाहिलं. नुरझातने माझ्याकडे पाहिलं. आणि दार उघडून नुरझातची सासू आत आली, राजधानीची पाहुणी बघायला, आणि शेगडीजवळ भिंतीच्या बरोबर समोर मांडी घालून बसली. सासूला नुरझातचं अक्षर ओळखता येतं. नुरझातने यादी हळूच कोटात सरकवली आणि चिठ्ठीवर लिहिलं: सर्वांना वसंताच्या शुभेच्छा. चौदा लाल अंगठे पडले.

बेगिमाय म्हणाली, "छान. आता ब्लॉक." मी म्हणाले, आमच्याकडे कोणी तसं वागतच नाही हो. ती म्हणाली की मग पाचवी खूण करता येणार नाही आणि पाचवी नसेल तर शिक्का नाही, तिला खरंच वाईट वाटतंय. तालायची मेहुणी दाराजवळ उभी होती. तिने मोजपट्टी आणली होती.

तेवढ्यात अता उठले, शिडीवर चढले (त्यांना कोणी चढू देत नाही, आज कोणी अडवलं नाही) आणि चिठ्ठी लावली. वीतभर अक्षरं. राजधानीहून आलेली मुलगी बूट घालून आत आली आहे, तिच्या आईने तिला वळण लावलेलं दिसत नाही, आणि तिच्या पाटीवरच्या कागदापेक्षा आमच्या शेळीला अक्कल जास्त आहे.

बेगिमाय कानापर्यंत लाल झाली. तरी पोर गुणाची, पाटी छातीशी धरून म्हणाली, "हे बरोबर आहे. म्हणजे चूक आहे, पण ब्लॉकसाठी बरोबर आहे. घ्या नाव."

मी शिट्टी फुंकली. तोंड उघडलं. काही नाही. "वरील चिठ्ठीचे लेखक," मी म्हणाले. ती म्हणाली, नाव हवं. मी पुन्हा तोंड उघडलं आणि माझ्या मागून ट्रकच्या इंजिनासारखा आवाज आला, ते नाव घेणारा. बेगिमायने वाकून माझ्यामागे पाहिलं. हे पुस्तकांच्या कपाटाआड उकिडवे बसले होते.

कोणीतरी तिला हळूच सांगितलं की ही सून आहे. तिला कळलं. तिच्या आजीचंही तसंच होतं म्हणे. पण नियम कागदावर लिहिलेला होता आणि कागद तिने लिहिलेला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर माझी खुर्ची कोळशाच्या कोठीत उलटी पडलेली दिसली. मनात म्हटलं, घे, चौतीस वर्षं गेली खड्ड्यात, एक शब्द तर आहे. दातखीळ बसल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चाळीस माणसांपुढे.

अता अजून शिडीवरच होते. त्यांनी खाली माझ्याकडे पाहिलं. मग वळून आपलं नावाचं कार्ड छताखालून उपटलं, शिडीच्या पायरीवरच बसून त्याच्या मागच्या बाजूवर काहीतरी लिहिलं, अगदी सावकाश, आणि परत लावलं.

नवं नाव होतं: म्हातारं गाढव.

"ॲडमिनबाई," ते म्हणाले, "आता वाचा."

सासऱ्याचं नाव घेणं वाईट, पण त्याला गाढव म्हणणं कुठल्या नियमात बसतं? पण ते भिंतीवरचं नाव होतं, आणि त्या नावाचे माझे कोणी सासरे नव्हते. मी डोळे पुसले, मान वर केली आणि कितीतरी दिवसांनी भिंतीकडे सरळ बघितलं.

"म्हातारं गाढव," मी मोठ्याने वाचलं, "आपल्याला तीन दिवसांसाठी ब्लॉक करण्यात येत आहे. कारण, पाहुण्यांच्या आईचा उद्धार आणि शेळीविषयी पुराव्याशिवाय विधान."

नुरझातच्या सासूला हसता हसता ठसका लागला. मग सगळेच हसले, बेगिमायसुद्धा, आणि हसता हसता तिने बूट काढले. अता शिडीवरून उतरले, कल्पाक डोक्यावर घातला, बेगिमायला मान लववून निरोप दिला आणि दाराबाहेर गेले. जाताना मेहुणीला म्हणाले, जरा बाजूला हो बाई, मी बाहेर काढलेला माणूस आहे.

पाचवी खूण झाली.

२७ मार्च, बुधवार

शिक्का मिळाला. खोली तीन वर्षं माझी. मला आनंद व्हायला हवा आणि झालाही आहे. पण गावभर आता मी सासऱ्याला गाढव म्हणणारी सून. दुकानात गेले तर पोरीबाळी मला बघून तोंडाला रुमाल लावतात. अतांचा हाच बेत असणार: खोली घे, पण इज्जत सोड. किती पुढचा विचार करतात हे म्हातारे लोक.

भिंतीवर आज बत्तीस चिठ्ठ्या, सगळ्या गोड. पाळीचंही ठरलं, दर दहा मेंढ्यांमागे एक दिवस. मी पिवळा गठ्ठा घेऊन दिवसभर बसले. कोणालाच देता आली नाही.

२८ मार्च, गुरुवार

अता घरातही ब्लॉक पाळतायत. मी खोलीत गेले की ते बाहेर जातात. चहा दिला तर "पुरे"सुद्धा म्हणत नाहीत, पेल्यावर हात ठेवतात. ह्यांनी विचारलं, बाबा, जेवलात का, तर माझ्याकडे बोट दाखवून गप्प. त्यांचा जेवणाचा प्रश्न आता ॲडमिनच्या अखत्यारीत आहे म्हणे.

आणि आज मला घरात करमत नव्हतं. हे मी स्वतःला दोनदा लिहून दाखवतेय: करमत नव्हतं. चौतीस वर्षं या माणसाशी मी "हो" आणि "आणते" एवढंच बोलले. मग आताच काय झालं कुणास ठाऊक. सर्दी होणार असेल.

२९ मार्च, शुक्रवार

त्यांची मुदत दुपारी बाराला संपणार होती. साडेदहाला मी वाचनालयात निघण्याआधी चहा घेऊन गेले. ते गालिच्यावर वरच्या जागी, दारापासून सगळ्यांत लांबच्या मानाच्या जागी, बसले होते, नेहमीप्रमाणे एकटे, उशीला टेकून. मी पेला ठेवला आणि दाराकडे परत निघाले. मग काय झालं माहीत नाही, मी वळले आणि म्हणाले, "अता, त्या शेळीच्या बाबतीत तुमचं चुकतंय."

मीच घाबरले. त्यांनी पेला खाली ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अजून दीड तास आहे," ते म्हणाले. "मी बाहेर आहे."

"वाचनालयात," मी म्हणाले. "घरात नाही."

त्यांनी शेजारची उशी उचलून आपल्या बाजूला ठेवली आणि वरच्या जागेवर हात थोपटला.

"मग इथे बस, सूनबाई. कुठे चुकतंय ते सांग."

मी बसले. वाचनालय आज बाराच्या पुढे उघडलं.